युसूफमियांचा उंचावरचा डबा

लग्नासाठी मुलीकडं पाठवायचा फोटो मी ऑफिसच्या ग्रुप फोटोतून कात्रीनं कापून काढला. कापताना माझं डोकं शाबूत राहिलं, दोन्ही कान राहिले, फक्त डाव्या खांद्यावर एक हात राहून गेला. तो हात माझा नव्हता.

तो आमच्या हेडक्लार्कांचा होता. साहेबांच्या बदलीच्या वेळी ऑफिसच्या पायऱ्यांवर हा ग्रुप फोटो काढला होता. मी बाकावर बसलेलो, हेडक्लार्क माझ्या मागं उभे. मी दर दोन मिनिटांनी "झाला का?" म्हणून उठत होतो, म्हणून त्यांनी मला खांद्याला धरून खाली दाबून ठेवलं होतं. पुढं साहेबांच्या खर्चानं त्याची एकेक प्रत सगळ्यांना मिळाली. मी माझी प्रत खोलीवर लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली. फुकट मिळालेल्या वस्तूचा याहून मोठा मान मी तोवर केला नव्हता.

ज्या मुलीसाठी हा उद्योग चालला होता ती गंगापूरच्या शाळेत मास्तरीण होती. कुसुम तिचं नाव. मी शिक्षण खात्याच्या ऑफिसात खिडकीमागं बसणारा कारकून. तिचा अर्ज मी भलत्याच तालुक्याच्या गठ्ठ्यात टाकला होता, त्यामुळं तिला गंगापुराहून तीन खेपा पडल्या. तिसऱ्या खेपेला तिनं खिडकीच्या गजांतून बोट आत घातलं आणि शांतपणे म्हणाली, "ते निळं पाकीट. वरून चौथं. मागच्या खेपेलाही तिथंच होतं." मी मान वर केली नाही, तेवढी हिंमतच नव्हती. तिला माझं टकलाच्या तयारीला लागलेलं डोकं तेवढं दिसलं असणार. पण त्या बोटाकडं बघताना माझ्या मनानं ठरवलं, की आयुष्यभर माझ्या चुका अशाच कुणीतरी दाखवून द्यायला हव्यात.

मुकुंदवाडीला माझे मामा होते. त्यांची गंगापूरकडं सोयरीक होती. मी त्यांच्या मागं लागलो. एका शुक्रवारी सकाळी मामा अचानक दारात उभे. "दत्तू, आज गंगापूरला निघालोय. पोरीचा बाप भेटणार हाय. फोटो दे लवकर, यष्टी सुटल."

माझा एकट्याचा फोटो नव्हताच असं नाही. शहागंजात युसूफमियांनी काढलेला एक होता, पण तो त्यांच्या दुकानात, आणि शुक्रवारी त्यांचं दुकान बंद. मामा दारात पाय आपटत होते. मी बरणीवरचं झाकण काढलं, तेल पुसलं आणि कात्री घेतली.

आता युसूफमियांबद्दल सांगायला हवं. त्यांच्याबद्दल सांगायचं म्हणूनच तर लिहायला बसलो आहे. माझा मूर्खपणा वाटेत आडवा आला, तो नेहमीच येतो.

शहागंजात भांड्यांच्या आणि अत्तरांच्या दुकानांच्या मधल्या अरुंद जिन्यानं वर गेलं, की त्यांचा स्टुडिओ. भिंतीवर रंगवलेला पडदा: तळं, तळ्यात दोन हंस, मागं कुठलासा महाल. एका हंसाची मान पडदा गुंडाळून गुंडाळून तुटली होती, त्यामुळं गिऱ्हाइकाला बरोबर त्या मानेपुढं बसवायचं ही त्यांची पद्धत. खुंटीवर एक काळा कोट. तो पाठीमागून कापून नाड्या लावलेला होता, म्हणजे पैलवानालाही व्हावा आणि पाप्याच्या पितरालाही. त्या काळी शहागंजात ज्याचं म्हणून लग्न ठरलं, ते या कोटातच ठरलं. मधोमध तिकाटण्यावरचा लाकडी कॅमेरा आणि त्यावर काळं फडकं. युसूफमियां स्वतः उंच, किडकिडीत, मेंदी लावलेली दाढी, बोटांची टोकं रसायनांनी काळसर पिवळी पडलेली. बोलणं अर्धं मराठी, अर्धं दख्खनी. कुठून कुठं जाईल याचा त्यांनाही अंदाज नसायचा.

आणि भिंतीवर, साध्या उंचीच्या माणसाला चवड्यांवर उभं राहूनच हात पोचेल अशा फळीवर, एक बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. फोटोचं जे काही द्यायचं ते गिऱ्हाइकानं आपल्या हातानं त्या डब्यात टाकायचं, आणि तेही फोटोच्या आधी. 'फोटो झाल्यावर देतो' म्हणणाऱ्या भल्याभल्यांना त्यांनी जिना उतरायला लावला होता.

"डबा खाली ठेवा की," मी एकदा म्हटलं. "म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात."

"दत्तूसाब, डब्बा ऊपर है इसलिए तो फोटो अच्छे आते. हात वर केला की पाठ सरळ होते. मी 'सीधा बैठो, सीधा बैठो' म्हणालो तर लोगां लाकडासारखे होतात. डब्यात टाकून आला की माणूस आपोआप ताठ. अन् काही दिलं ना, की कुर्सी पे बैठने का हक मिल जाता उसकू. फिर वो शर्माता नै."

किती द्यायचं, यावर मात्र त्यांचा आग्रह नसे. पाटी दोन रुपयांची होती, पण भाजीवालीनं मेथीची जुडी टाकली तरी चालायची. एका टांगेवाल्यानं घोड्याच्या गळ्यातलं घुंगरू काढून त्यात टाकलेलं मी पाहिलं आहे. चालायचं नाही ते एकच: रिकामा हात. त्यापुढं ते कुणाचं ऐकत नसत. मशिदीच्या इमामसाहेबांनी आणि राममंदिराच्या पुजाऱ्यांनी, दोघांनीही चवड्यांवर उभं राहून त्या डब्यात काही ना काही टाकलेलं आहे.

पेन्सिलनं निगेटिव्हवर काम करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सुरकुत्या, डाग, सुजलेले डोळे, सगळं ते पेन्सिलच्या टोकानं गायब करत. एकदा एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. लग्नासाठी फोटो हवा होता आणि मुलीच्या तोंडावर देवीचे व्रण होते. बापानं त्यांना बाजूला घेऊन कानात सांगितलं, "एवढं जरा घालवून टाका. लागल ते देतो."

मी बाकावर चहा पीत होतो. युसूफमियां मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हटा देता ना. सगळं हटवतो. लेकिन दूल्हा घर को आयेगा, तो उसके आँखों में पेन्सिल फिराने मेरेकू बुलाना."

बापाचा चेहरा उतरला. मुलगी मात्र फिसकन हसली, आणि त्यांनी त्याच क्षणी कॅमेऱ्याच्या नळीचा हातातला रबरी फुगा दाबून फोटो घेतला. तो फोटो त्यांनी पेन्सिल न लावता दिला. पुढं पाच-सहा महिन्यांनी तीच मुलगी नवऱ्याला घेऊन जोडीनं फोटो काढायला आली. डब्यात नारळ मावेना, म्हणून तो शेजारी फळीवर ठेवला.

तर अशा या माणसाकडून मी फुकट फोटो काढून घेतला होता, आणि त्याचा मला गर्व होता. त्याचं असं झालं, की मी त्याच गल्लीत खोली घेऊन राहत होतो आणि संध्याकाळी ऑफिस सुटलं की त्यांच्या बाकावर जाऊन बसायचो. एकदा गप्पांच्या भरात म्हणालो, "युसूफमियां, आमचाही एक काढा की. दोस्तीत. तुमच्या माझ्यात कसला आलाय डबा?"

त्यांनी माझ्याकडं क्षणभर बघितलं. मग म्हणाले, "बैठो."

मी बसलो, हंसाच्या मानेपुढं. ते फडक्याखाली गेले, बाहेर आले, फुगा दाबला. "हो गया. कल आके लेके जाना."

मी सगळ्या ऑफिसात सांगत सुटलो, की अख्ख्या शहागंजात डब्यात काही न टाकता फोटो काढून घेतलेला मी एकटा. पण दुसऱ्या दिवशी फोटो न्यायला गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे दुकानात रोज जात होतो, चहा पीत होतो, पण फोटो मागायचं राहून गेलं. कुठं पळून जातोय! असे चार महिने गेले.

आणि मग मामांचा तो शुक्रवार आला.

मामा गंगापूरहून परत आले ते सरळ माझ्या ऑफिसात. खिडकीसमोर उभे राहून त्यांनी सगळ्यांच्या देखत मला झापायला सुरुवात केली. "आरं, तो हात कोणाचा?"

"कुठला हात?"

"तुझ्या खांद्यावरचा! पोरीच्या बापानं, आबांनी, फोटो असा घेतला, असा फिरवला, म्हणले, 'मामा, पोरगं एकटं हाय का जोडीनं?' मी काय सांगू? म्हणलं, मित्राचा आसल. तर म्हणले, 'मित्राला कापून आमच्याकडं पाठवलं व्हय? उद्या आमच्या पोरीलाबी असंच कापल.' अन् फोटोला लोणच्याचा वास येतोय म्हणले."

मागून हेडक्लार्कांनी विचारलं, "कोणता हात रे?" मी एका फाइलीत तोंड घातलं.

"नाय म्हणले का?" मी हळूच विचारलं.

"लई बरं झालं असतं नाय म्हणले असते तर. पैठणचं एक स्थळ आलंय त्यांना. पोरगा बागाईतदार. पुढल्या रविवारी त्यांना शब्द द्यायचाय. तवर पोराचा नीट, एकट्याचा फोटो आला तर बघू म्हणले, नायतर राहू द्या. लई नशीबवान हायेस, तेवढं तरी म्हणले."

"आणि माझा फोटो?"

"ऱ्हायला तिथंच. आता काय त्याला चौकट करून लावतोस?"

मी ऑफिस सुटायची वाट न बघता शहागंजात धावलो. निळ्या पाकिटावरचं ते बोट डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि त्या बोटात पैठणच्या बागाईतदाराची अंगठी दिसत होती. जिना चढून वर गेलो तो धापा टाकतच म्हणालो, "युसूफमियां, माझा फोटो द्या. चार महिन्यांपूर्वीचा. लवकर!"

ते एका निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत होते. मान वर न करता म्हणाले, "कौनसा फोटो?"

"दोस्तीतला! हंसापुढं बसून काढलेला!"

"वो? वो तो निकलाच नै."

"निघाला नाही म्हणजे? तुम्ही फुगा दाबला, मी स्वतः पाहिलं!"

"फुगा दबाया ना. कॅमेरे में फिलिम नै थी." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तुम डब्बे में कुछ नै डाले, मैं कॅमेरे में कुछ नै डाला."

मी बाकावर बसलो. त्या क्षणी माझा चेहरा कसा झाला असेल, त्याचाही फोटो कुणी काढला नाही हे बरंच.

"दूसरे दिन आये होते ना दत्तूसाब, तर हात जोडून सांगितलं असतं, मस्करी केली, बैठो, खरा काढतो. मैं आठ दिन फिलिम भर के रख्खा था तुम्हारे वास्ते. रोज आते, चाय पीते, एकदा तरी विचारलं? फोटो कैसा आया, इतना भी नै पूछे." मग थोडं हसून म्हणाले, "तुम अकेले नै. एक बडे साब हैं. चपरासी घेऊन आले, म्हणाले, आमचे कायकू पैसे. मैंने खाली कॅमेरे से तीन फोटो निकाले उनके, तीन! बाजूने, समोरून, टोपी घालून. दो साल हो गये. अजून न्यायला आले नाहीत."

मला हसू आलं, तरी राग होताच. म्हणालो, "हा काय चावटपणा आहे तुमचा?"

ते उठले आणि कोपऱ्यातली एक लोखंडी पेटी उघडली. आत पाकिटं होती, दोऱ्यानं बांधलेली, पिवळी पडलेली. "ये देखो. पोलीस ॲक्शनच्या नंतर आमच्या मोहल्ल्यातले किती लोगां चालले होते. कोण हैदराबाद, कोण कराची. जाताना सगळे आले, सगळ्या घराचा एक फोटो काढ म्हणाले. अपनेच लोगां. त्यांच्याकडून काय घ्यायचं? डब्बा नीचे उतार के रख दिया मैंने. रात-दिन बैठ के धोये, पाकिटां बनाये. अकरा घरं होती. एक भी लेने नै आया. गडबड थी, मैं समझता. लेकिन उसी हप्ते में पाँच लोगां आके पासपोर्ट के फोटो ले गये. उसके पैसे दिये थे ना उन्होंने." त्यातलं एक पाकीट त्यांनी अंगठ्यानं पुसलं. "ये मेरे भाई का घर है. सगा भाई. मोफत होता म्हणून विसरला. दोन रुपये घेतले असते, तर घेऊन गेला असता. आज वहाँ उसकी दीवार पे होता."

त्यांनी पाकीट परत आत ठेवलं, पेटी लावली, आणि एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हौ तो बोलो, कौन है लडकी?"

मी सगळं सांगितलं. हात, लोणचं, पैठण, रविवार. ते पोट धरून हसले. मग डब्याकडं बोट केलं.

मी खिशातून दहाची नोट आणि सुटे काढले, त्यातले दोन रुपये वेगळे केले.

"नक्को. तुम्हारा रेट अलग. वो दस का नोट डालो."

"महिन्याची खानावळ आहे ती!"

"मालूम है. इसीलिए."

मी चवड्यांवर उभा राहिलो आणि ती दहाची नोट डब्यात टाकली. ती आत पडलेली ऐकू आली असं मी शपथेवर सांगेन, नोटेचा आवाज येत नसला तरी. नाड्यांचा कोट चढवला. खुर्चीत बसलो. खरोखरच पाठ सरळ झाली होती. पण चेहरा असा झाला होता, की युसूफमियां फडक्यातून डोकं बाहेर काढून म्हणाले, "ऐसा नक्को. लडकी समझेगी उधार माँगने आया है. वो खिड़की में क्या बोली थी? फिर से बोलो."

"ते निळं पाकीट," मी म्हणालो. "वरून चौथं. मागच्या खेपेलाही..." आणि स्वतःच्याच बावळटपणाचं मला हसू फुटलं. फुगा दाबल्याचा आवाज आला.

तो फोटो न्यायला मी दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी जिन्यात जाऊन बसलो होतो. "देखा?" कुलूप काढताना ते एवढंच म्हणाले. त्या महिन्यात मी मुकुंदवाडीला मामींच्या हातचं जेवायला रोज सायकलनं गेलो. फोटो मात्र शर्टाच्या आत छातीशी धरून गुरुवारीच गंगापूरला पोचवून आलो, स्वतः. दारात आबांच्या हातात दिला आणि पाणीही न पिता पळालो.

रविवारी होकार आला.

लग्नाला युसूफमियां यष्टीनं गंगापूरला आले, एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात डबा. डबा त्यांनी मांडवाच्या वाशाला बांधला. आबा सहा फुटी गडी, त्यांनी टाचा न उचलता त्यात रुपया टाकला. युसूफमियांनी डबा सोडून आणखी हातभर वर बांधला आणि म्हणाले, "आबासाब, आता टाका." वऱ्हाडी मंडळी जेवणाची पानं सोडून ही गंमत बघायला आली. आबा चवड्यांवर उभे राहिले, आणि त्यांच्या त्या एका फोटोत ते जितके रुबाबदार दिसतात, तितके उभ्या जन्मात कधी दिसले नाहीत.

नंतरची वर्षं भराभर गेली. आम्ही शहागंजातून दुसरीकडं राहायला गेलो. स्टुडिओ त्यांच्या इथंच राहिलेल्या धाकट्या भावाच्या मुलाकडं आला, रंगीत फोटो आले, 'अर्ध्या तासात पासपोर्ट' अशी पाटी लागली. युसूफमियां खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले असत. मेंदी गेली होती, दाढी पांढरी शुभ्र झाली होती.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या सकाळी आम्ही दोघं जिना चढून वर गेलो. त्यांना कळल्यावर ते उठलेच. पुतण्याला म्हणाले, "तू हट," आणि माळ्यावरून तो लाकडी कॅमेरा उतरवून घेतला. डबा त्याच फळीवर होता. माझी कंबर धरलेली, माझा हात पोचेना. कुसुमनं माझ्या हातातली नोट घेतली आणि एका झटक्यात आत टाकली. आम्ही हंसापुढं बसलो. आता दोन्ही हंसांना मान नव्हती.

फडक्याखाली जायच्या आधी युसूफमियांनी विचारलं, "भाभी, एक बात बताओ. खरं सांगा. फोटो पाहून हो म्हणालात ना? मेरे दस रुपये के फोटो पे?"

मी पाठ आणखी ताठ केली. पंचवीस वर्षं मी या उत्तराच्या खात्रीवर जगत होतो.

कुसुमनं पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून एक तुकडा काढला. कडा वाकड्या कापलेल्या, कोपऱ्यात तेलाचा डाग, खांद्यावर हात.

"तुमचा फोटो आबांना आवडला," ती म्हणाली. "मला हाच. आबा तर तेव्हाच नाही म्हणून मोकळे होणार होते. मीच म्हटलं, दुसरा मागवून बघा. कुणीतरी इतका मायेनं खांद्यावर हात ठेवलाय, म्हणजे माणसांत बसणारा माणूस असेल, असं वाटलं मला."

तो हात माया करत नव्हता, मला दाबून धरत होता, हे मला तिथल्या तिथं सांगावंसं वाटलं. पण म्हटलं, पंचवीस वर्षं चाललंय ते चालू द्यावं.

युसूफमियांनी तो तुकडा हातात घेतला, उलटा करून पाहिला, नाकाजवळ नेला. "या अल्ला," ते म्हणाले. "फुकट का फोटो, और पचीस साल संभाल के रख्खा! मेरी सारी जिंदगी का डब्बा उलटा कर दिया भाभीने."

मग ते फडक्याखाली गेले. मला ते आठवतात ते असेच: दोन बारीक पाय, वर काळं फडकं, आणि बाहेर आलेला फुगा धरलेला हात. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. जरा हललेला आहे, कारण फडकं गदगदा हलत होतं. आतून हसणं ऐकू येत होतं. फुगा दाबला जायच्या आधी कुसुम त्यांना एवढंच म्हणाली होती:

"फुकट कुठला युसूफमियां? त्याच्यापायी हा अख्खा माणूस घ्यावा लागला मला. याच्यापेक्षा महाग फोटो तुमच्या शहागंजात कुणी काढला असेल तर सांगा."